रुद्रच्या भारोभार

शाळेनं आपले आभार मानू नयेत म्हणून हातापाया पडत फिरणारा देणगीदार तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. गोटीराम त्याचं नाव. मखमलाबादच्या पुढं आमचे मळे बांधाला बांध लागून आहेत. त्याच्याकडे गुलाब, झेंडू, शेवंती. माझ्याकडे थोडी भाजी आणि एक टेम्पो. पहाटे त्याची फुलं गोदाकाठच्या बाजारात मीच नेऊन टाकायचो, त्यामुळे त्याच्या घरात भाजीला काय शिजलं इथपासून सगळं मला ठाऊक असायचं. मी केरू.

देणगीदारांची जात मला चांगली माहीत आहे. शाळेला एक पंखा द्यायचा आणि पात्यावर तीन पिढ्यांची नावं रंगवून घ्यायची. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात पोरांना घाम फोडून पंखा बंद ठेवायला लावणारा एक महाभाग मी स्वतः बघितला आहे. शाल आखूड आली म्हणून रुसून बसलेलेही आहेत. आणि या सगळ्या गोतावळ्यात आमचा गोटीराम, ज्याला शाल नको होती, नारळ नको होता, नाव तर नकोच नको होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की आपण शाळेला काय दिलं हे आपल्या बायकोच्या कानावर कधीही जाऊ नये.

आता हे नीट समजायला हवं, म्हणून थोडं मागं जातो.

गोटीरामची बायको लंकाबाई. हिचा पहिला मुलगा राज पावणेदोन वर्षांचा होऊन गेला. साध्या जुलाबाचं निमित्त. पण लंकाबाईच्या मनात निमित्त वेगळं होतं. राजच्या वेळी तिच्या सासूनं, गोजराबाईनं, वणीच्या सप्तशृंगीला साडी बोलली होती आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत ती राहून गेली. डॉक्टर काहीही म्हणोत, लंकाबाईच्या लेखी तिचं पोर त्या राहिलेल्या साडीपायी गेलं. तिनं सासूला कधी एक शब्द विचारला नाही. पण देवाला बोललेलं राहिलं की पोर जातं, हे तिच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं पक्कं बसलं.

मग रुद्र झाला. तीन वर्षांचा असताना, सत्त्याण्णव साली, त्याचा ताप मेंदूत गेला. सिव्हिलच्या व्हरांड्यात मी तिला बघितलंय. रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिथूनच तिनं देवीला सांगितलं, "आई, माझं लेकरू उठून बसू दे. त्याच्या भारोभार नाणी वाहीन तुला."

लेकरू उठून बसलं. जेवायला लागलं, पळायला लागलं, माझ्या टेम्पोच्या चाकातली हवा सोडायला लागलं. लंकाबाई पंचवटीत हारांची टोपली घेऊन बसायची. त्या दिवसापासून येणारं प्रत्येक नाणं तिनं बाजूला टाकलं. घरात मीठ नसलं तरी त्या डब्याला हात लागला नाही. वर्ष सरता सरता डबे भरले. माझा भाजी तोलायचा मोठा तराजू तिनं दारच्या चिंचेला टांगायला लावला. एका पारड्यात रुद्र, पाय हलवत बसलेला; दुसऱ्या पारड्यात ओंजळी ओंजळीनं नाणी. काटा मध्यावर आला तेव्हा बाईनं तराजूलाच हात जोडले. मग आपल्या लग्नातला हिरवा शालू कात्रीनं अर्धा कापला, कडेला लाल दोऱ्यानं टाके घातले आणि नाणी त्यात बांधली.

तिला स्वतःलाच वणीला जायचं होतं. पण धाकटी लेक दीपमाला पोटातून नुकतीच बाहेर आली होती, बाळंतिणीला देवळाची वाट बंद. चैत्राची यात्रा तोंडावर. उशीर करायला ती मुळीच तयार नव्हती. म्हणून गाठोडं नवऱ्याच्या हाती दिलं.

"कापडासकट वहा," ती म्हणाली. "आन् माझं नाव घ्या."

गाठोडं पोत्यात घालून आम्ही निघालो. टेम्पो दिंडोरी नाक्यापर्यंत गेला आणि गोटीराम म्हणाला, "केरू, गाडी वळव."

"का रं? काय राह्यलं?"

"शाळंकडं घे."

त्याचं असं झालं होतं. रुद्रला इंग्रजी शाळेत घालायचं हे वेडही लंकाबाईचंच. टाय लावलेली पोरं रिक्षातून जाताना ती टोपलीमागून बघत बसायची. शाळेनं रुद्रची मुलाखत घेतली. फुलांची नावं विचारली, तर हा थांबेचना. शेवटी बाईंनीच हात जोडले. पोरगं पास झालं आणि मग चेअरमननी गोटीरामला आत बोलावून चहा पाजला. इमारतीचं काम चाललंय, म्हणाले, पालकांनी आपखुशीनं हातभार लावायचा असतो. आपखुशीची मुदत त्या शनिवारी संपत होती. आम्ही वणीला निघालो तो शनिवार होता.

मी त्याला म्हटलं, "गोटीराम, देवीचं हाय ते."

"देवी थांबंल रे," तो म्हणाला. "ती आई हाय. हे लोक नाय थांबायचे. पुढल्या चैतात दुप्पट वाहीन तिला."

शाळेच्या ऑफिसात कुंदन नावाचा क्लार्क होता. टेबलावर पोतं आपटलं तसा तो हसायला लागला. "काय हो, देवळाची पेटी फोडली काय?"

गोटीराम गरीब माणूस, पण चोर म्हटलेलं कुणाला सहन होतं? तो तोंड वर करून म्हणाला, "पोराच्या भारोभार हायेत. तराजूत तोलून आणल्यात."

सगळा घात त्या एका वाक्यानं झाला. तो गप्प बसला असता, तर ही गोष्टच घडली नसती.

तिथून आम्ही वणीला गेलोच. रिकाम्या हातानं पायऱ्या चढलो. देवीपुढं गोटीराम बराच वेळ उभा राहिला. ओठ हलत होते. काय सांगत होता ते मी विचारलं नाही. खाली उतरून कुंकू घेतलं, नारळ घेतला, पेढे घेतले आणि घरी आलो.

"कापडासकट?" लंकाबाईनं दारातच विचारलं.

"कापडासकट," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. कापडही शाळेतच राहिलं होतं.

आठ दिवसांनी शाळेत नाव लागल्याचं कळलं. ओळखीनं काम झालं, असं त्यानं सांगितलं. लंकाबाईनं पदर पसरला. "वळख कसली घेऊन बसलाय? देवीनंच केलं हे." नवऱ्यानं मान हलवली. दुसरं काय करणार होता?

गोटीरामला खरंच वाटलं होतं की वर्षभरात पुन्हा नाणी जमतील. त्यानं बायकोच्या नकळत फवारणीच्या पंपाच्या खोलीत एक डबा ठेवला. पण फूलबाजारात बसणारे चिमाजी म्हातारबुवा नवसाच्या बाबतीत सगळ्यांचे वकील. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगून गोटीरामनं त्यांना विचारलं, भारोभार बोललेलं फेडायचं राहिलं तर काय?

"मागचं वजन गेलं," म्हातारबुवा तंबाखू मळत म्हणाले. "ज्या दिवशी फेडशील त्या दिवशी पोरगं जेवढं भरंल तेवढं. देवी उधारी जुन्या भावानं घेत नाय."

तेव्हापासून गोटीरामची जी दशा झाली, ती मी सांगू कशी! पोर अंग धरायला लागलं की बापाला बरं वाटतं. याच्या छातीत धडकी भरायची. लंकाबाई भाकरीवर तुपाची धार सोडायची, रुद्र मिटक्या मारायचा आणि हा समोर बसून त्याच्या हाताकडे बघायचा. डबा अर्धा व्हायचा, तोवर पोरगं वाढलेलं असायचं. एकदा रुद्रनं तिसरी पोळी मागितली आणि गोटीराम एकदम म्हणाला, "बास कर आता." लंकाबाई अशी चवताळली की विचारू नका. "सिव्हिलमधून परत आणलंय मी त्याला, त्याचा घास मोजता तुमी?" तो उठून मळ्यात गेला आणि गुलाबाच्या वाफ्यात उकिडवा बसून रडला. मी बांधावर होतो. मी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या चैत्रात लंकाबाई स्वतः वणीला गेली. आम्ही सगळेच गेलो. "पावलीस गं माझे आई," म्हणून तिनं पायरीवर डोकं टेकलं. गोटीराम तिच्या मागे उभा होता आणि गर्दीच्या उकाड्याचं निमित्त करून सारखा तोंड पुसत होता.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, मंजुषा मॅडम.

मंजुषा मॅडमबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगली बाई होती आणि सगळा घोळ तिथंच होता. वाईट माणसाला टाळता येतं. चांगल्या माणसानं तुमचं भलं करायचं ठरवलं की पळायला जागा उरत नाही. त्यांनी आल्या आल्या ठरवलं, की शाळा पालकांकडून देणगी घेते आणि त्यांच्या तोंडावर एक पावती फेकते, हे बरोबर नाही. आभार मानायचे तर माणूस बघून मानावेत. सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातली शाल कशाला?

आणि त्यांच्या नजरेला पडलं ते कापड. कुंदननं ते हिरवं शालूचं फडकं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून घातलं होतं. अडीच वर्षं लंकाबाईचा लग्नातला शालू त्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर होता. मॅडमनी सहज विचारलं, इतकं सुंदर कापड कुठलं? कुंदननं हसत हसत सगळा किस्सा सांगितला. पोतं, नाणी, पोराच्या भारोभार.

मॅडमच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं.

गोटीरामला बोलावणं गेलं. मला वाटलं, फी राहिली असेल. तासाभरानं तो टेम्पोत येऊन बसला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काय झालं?"

"गॅदरिंगला माझा सत्कार करणार हायेत," तो म्हणाला. "रुद्रला स्टेजवर तराजूत बसवणार. दुसऱ्या पारड्यात पुस्तकं. विद्यातुला म्हणत्यात त्याला. पुस्तकं मग झेडपीच्या शाळंला देणार. आन् ते कापड, केरू... ते कापड दाखवणार हायेत लोकांना."

"मग नको म्हण की."

"म्हनलो! तर त्या म्हणत्यात, किती हा साधेपणा!"

मी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चेअरमनना गाठलं. आभार नको म्हणणारा माणूस आला म्हटल्यावर चेअरमनना एकच शंका आली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे बघा, दिलेली देणगी परत मिळत नसते." याला पैसे परत नकोच होते. पण तसं म्हणेपर्यंत शिपायानं दार उघडून धरलं होतं.

मग तो पुन्हा मॅडमकडे गेला आणि त्यानं खरं तेच सांगून टाकलं. मी त्याच्यासोबत होतो, म्हणून ऐकलं. खुर्चीच्या कडेवर बसून, टोपी मांडीवर घेऊन तो म्हणाला, "बाई, ते पैसं देवीचं होतं. नवसाचं. मी देवीचं काढून तुमाला दिलं. घरात म्हाईत नाय."

मंजुषा मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, सुटलो. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"गोटीरामजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? देवळातल्या पेटीऐवजी विद्येच्या मंदिरात! हे तर मी भाषणात सांगणारच. शिकलेल्या लोकांना जे सुचत नाही ते तुम्ही केलंत."

"बाई, पाया पडतो. बायकोला म्हाईत नाय."

"मग तर किती छान! सरप्राइज. त्यांना किती अभिमान वाटेल बघा. त्यांना पहिल्या रांगेत बसवू."

सत्य बोलण्याचा एवढा तोटा मी दुसऱ्या कुणाला झालेला बघितला नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "आता एकच रस्ता. लंकाबाईला तूच सांग. मारंल तर मारंल."

"मारू दे की," तो म्हणाला. "राग काय, दोन दिसांत जाईल. पण ती भिईल, केरू. तिला वाटंल, रुद्र बी जाणार. रोज वाटंल. तो खोकला तरी वाटंल. मी हे अडीच वरसं खातोय, मला ठाऊक हाय त्याची चव. तिला नको."

तरी त्यानं प्रयत्न केला. संध्याकाळी दोघं शेवंती तोडत होती. मी कॅरेट भरत होतो. त्यानं दोनदा घसा खाकरला. "लंका, एक सांगायचं होतं."

"सांगा की."

तेवढ्यात बांधावरून रुद्र खोकला. धुळीनं खोकला असेल, पोरगं चिखलमातीत लोळत होतं. लंकाबाईनं तिकडं बघितलं आणि हसली. "पैलं असं खोकला ना, तर माझा जीव जायचा. आता नाय भ्या वाटत. देवीचं फेडलंय म्हणून सुखानं झोप लागती बगा मला." आणि मग म्हणाली, "काय सांगत होता?"

"काय नाय," गोटीराम म्हणाला. "उद्या शेवंतीला भाव बरा हाय म्हणत्यात."

मग त्यानं शेवटचा उपाय काढला. लंकाबाई गॅदरिंगला येणारच नाही असं करायचं. आधी म्हणाला, फक्त बापांना बोलावलंय. रुद्रनं तिथल्या तिथं खोटं पाडलं; मॅडमनी वर्गात येऊन सांगितलं होतं, आईला पुढं बसवायचं. मग त्यानं त्याच दिवशी एका लग्नाची मोठी ऑर्डर घेतली. मंडपाच्या माळा, गजरे, नवरा-नवरीचे हार, सगळं. त्यात शाळेचीही ऑर्डर होती, झेंडूच्या लांब माळा. एवढं काम म्हटल्यावर बायको घरातच अडकेल, हा हिशोब. पण लंकाबाईचं अंग मोडून काम करणं त्याला कळलं नव्हतं. शेजारच्या लताबाईला हाताशी घेऊन तिनं दुपारपर्यंत सगळं ओवून टाकलं.

"शाळंवाल्यांना एवढ्या झेंडूच्या माळा कशाला हो?" तिनं मला विचारलं.

"स्टेजला असतील," मी म्हणालो. त्या तराजूच्या साखळ्यांना गुंडाळायच्या होत्या.

मग तिनं डोकं धुतलं, चांगली साडी नेसली, रुद्रला नवा शर्ट घातला आणि टेम्पोत येऊन बसली. दीपमालेला गोजराबाईजवळ ठेवलं. गोटीराम माझ्या शेजारी. मला एकदा वाटलं, टेम्पो बंद पाडावा. तेही करून बघितलं, पण लंकाबाई म्हणाली, "हितून चालत जाऊ की, जवळच हाय." मग मुकाट्यानं चालू केला.

हॉल भरलेला. पोरांचे नाच झाले, कुणीतरी इंग्रजीत पाठ केलेलं काहीतरी बोललं. लंकाबाई पहिल्या रांगेत, पाय खुर्चीखाली ओढून बसलेली, सगळ्याला टाळ्या वाजवत. आम्ही दोघं भिंतीपाशी उभे. पडदा सरकला आणि मधोमध तो तराजू दिसला. धान्याच्या दुकानातला भलामोठा, झेंडूनं मढवलेला. एका पारड्यात पुस्तकं, दुसऱ्यात रुद्र. पाय हलवत बसलेला.

लंकाबाई टाळ्या वाजवायची थांबली.

मंजुषा मॅडम माईकवर आल्या. "आज आपण एका वेगळ्या देणगीदाराचे आभार मानणार आहोत. एक फूलशेतकरी. मुलाचं आजारपण. मुलाच्या भारोभार नाणी वाहण्याचा देवीला केलेला नवस. आणि नाणी जमल्यावर या पित्यानं काय करावं? त्यानं ती देवळात नेली नाहीत. त्यानं ती आपल्या शाळेत आणली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी हात वर केला. त्यांच्या हातात हिरवं कापड होतं. कडेला लाल दोऱ्याचे टाके. "आणि हेच ते वस्त्र, ज्यात ही नाणी बांधून आली."

मी लंकाबाईकडे बघितलं. गोटीरामकडे बघायची मला हिंमत झाली नाही. ती उठली. कुणी बोलावलं नव्हतं, पण मॅडमना वाटलं, आई भारावून उठली. "या, या ताई!" त्या म्हणाल्या. लंकाबाईनं स्टेजच्या पायरीशी चपला काढल्या आणि वर गेली. पारड्यातल्या पोराकडे तिनं बघितलं नाही. सरळ मॅडमजवळ गेली आणि काहीतरी विचारलं. माईक दूर होता.

मॅडम हसल्या आणि माईकमध्ये म्हणाल्या, "आई विचारताहेत, ते पैसे कुठे आहेत! ताई, तुम्ही उभ्या आहात ना, हा रंगमंच त्याच वर्षीच्या निधीतून बांधलाय. तुमचे पैसे तुमच्या पायाखाली आहेत!"

लोक हसले. चेअरमनही हसले. लंकाबाईनं खाली बघितलं, एक पाय उचलला, मग दुसरा. निखाऱ्यावर उभं केल्यासारखी ती जागच्या जागी पाय उचलत होती आणि पाय टेकवायला दुसरी जागा नव्हती. मग ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात पुढं पसरले आणि कपाळ त्या फरशीवर टेकलं.

सगळा हॉल उठून उभा राहिला. संस्थेपुढं नतमस्तक झालेली आई! चेअरमन टाळ्या वाजवत पुढं आले. फोटोग्राफरनं दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मंजुषा मॅडम डोळे पुसत माईकवर म्हणाल्या, "पालक असावेत तर असे." ती उठेना. टाळ्या थांबत आल्या की पुन्हा वाढत होत्या. पदराखाली तिची पाठ हलत होती ती कुणाला दिसत नव्हती. ती देवीची माफी मागत होती. त्या हॉलमध्ये हे तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग ती उठली. मॅडमच्या हातातलं कापड घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं. रुद्रला बखोटीला धरून पारड्यातून उचललं, तसं पुस्तकांचं पारडं धाडकन खाली आदळलं. शालीसाठी गोटीरामचं नाव पुकारत होते, तेव्हा आम्ही टेम्पोजवळ पोचलो होतो. कुंदन धावत येऊन शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा खिडकीतून आत टाकून गेला.

रुद्र मध्ये बसून पेढे खात होता. गोटीराम दाराला चिकटून बसला होता. तो वाट बघत होता, की ही आता बोलेल, शिव्या देईल, निदान हात तरी उगारेल. मी पण वाट बघत होतो. रामवाडीचा पूल गेला. मग लंकाबाई समोरच्या काचेकडे बघत बोलली. आवाज अगदी साधा होता, बाजारभाव विचारावा तसा.

"आज किती भरला?"

गोटीरामनं तिच्याकडे बघितलं. मग हळूच सांगितलं. सकाळीच त्यानं पोराला माझ्या तराजूवर गुपचूप तोलून बघितलं होतं. अडीच वर्षं तो दुसरं काही बघतच नव्हता.

ती ओठांत काहीतरी पुटपुटली. बोटाची पेरं मोजायला लागली, मध्येच चुकली, पुन्हा मोजायला लागली. तेवढ्यात रुद्रचा हात पुन्हा पुड्यात गेला आणि तिनं त्याचं मनगट पकडलं. ही बाई घास घेऊन त्याच्यामागं सगळा मळा पळायची. पोरानं गोंधळून तिच्याकडे बघितलं. तिची नजर त्याच्या हातातल्या पेढ्यावर होती. ती नजर मी ओळखत होतो. गोटीराम तर ओळखतच होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"खा," लंकाबाई म्हणाली आणि तिनं त्याचं मनगट सोडलं. पण पुडा त्याच्या मांडीवरून उचलला आणि दोरा गुंडाळून घट्ट बांधून टाकला.